मलमच तें !

मराठवाड्यांतील जांब हें गांव तसें लहानच; पण रामनवमीच्या उत्सवानें तें साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झालेलें आहे. शके १५३० मध्यें, म्हणजे इ. स. १६०८ सालीं, चैत्र शुद्ध नवमीस सूर्याजीपंत ठोसरांच्या घरीं नारायण नांवाचा मुलगा तेथें जन्मास आला. तेच पुढें समर्थ रामदास होत. बोहल्यावर उभें असतां ‘सावधान’ हा शब्द कानीं पडतांच नारायणानें मंडपांतून पोबारा केला, ही आख्यायिका आपल्या घरांतील लहान पोरालाहि पाठ असते. तिच्यांतील खरी मौज पळून जाण्यांत नाहीं. मंडपांतील सर्वांच्याच कानांवर तो शब्द पडला होता. पण बाकीच्यांना तो मंगलाष्टकांतला एक तुकडा वाटला, आणि त्याचा अर्थ लागला तो एकट्या नवऱ्या मुलाला! औषधांच्या वेष्टनांवर बारीक अक्षरांत छापलेल्या सूचनांचें आपल्या घरोघरीं असेंच झालें आहे. शब्द डोळ्यांखालून जातो, अर्थ लागत नाहीं.

हा लेख ज्या औषधासंबंधीं आहे, त्याच्या बाबतींत तर हें फारच लागू पडतें. बोटाएवढी ट्यूब, आंत पाण्यासारखें पारदर्शक जेल किंवा पांढरें मलम. जेथें लावावें ती जागा कांहीं वेळानें बधिर होते, आणि सुई, टांका, नळी यांचें दुःख जाणवत नाहीं. ह्यांतील मुख्य द्रव्याचें नांव लिग्नोकेन. परदेशांत त्यालाच लिडोकेन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादींत त्याला स्थान आहे, आणि तें योग्यच आहे. आजोबांना लघवीची नळी घालतांना, नातवंडास सलाईन लावतांना, घरांतल्या मुलीचे कान टोचतांना, दंतवैद्याच्या खुर्चीवर, अशा कोणत्या ना कोणत्या निमित्तानें एकत्र कुटुंबांत हें औषध केव्हां तरी येतेंच. काम झालें कीं उरलेली ट्यूब फडताळांत जाते, आणि तेथून पुढें घरांतील कोणीहि तिचा डॉक्टर होतो. “अहो, पोटांत थोडेंच घ्यायचें आहे ? मलमच तें ! लावा आणखी थोडें.” हें वाक्य आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. त्यांतील ‘मलमच तें’ हे दोन शब्द खोडून काढावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

ह्या जातीच्या औषधांचा सारा इतिहास जिभेपासून सुरू होतो. १८६० सालीं जर्मनींतील गॉटिंगेन येथें आल्बर्ट नीमान ह्या रसायनज्ञानें कोकाच्या पानांतून कोकेन वेगळें काढलें, तेव्हां तें जिभेवर ठेवतांच जीभ बधिर होते, अशी नोंद त्यानें करून ठेवली. नोंद झाली, आणि जवळजवळ चोवीस वर्षें तशीच पडून राहिली. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर नांवाच्या तरुण डॉक्टरास सुचलें, कीं जें जिभेला बधिर करतें तें डोळ्याला कां करणार नाहीं ? प्रथम बेडकाच्या, मग इतर प्राण्यांच्या आणि शेवटीं स्वतःच्या डोळ्यांत त्यानें कोकेनचा द्रव घातला, आणि टांचणीच्या डोक्यानें बुबुळास स्पर्श करून पाहिला. कांहींच जाणवलें नाहीं ! त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला हायडेलबर्ग येथें नेत्रवैद्यांची परिषद भरली. पण कोलरपाशीं प्रवासाला पैसे नव्हते, म्हणून त्याचा निबंध दुसऱ्या एका डॉक्टरानें वाचून दाखविला. मनुष्य जागा असतां त्याच्या डोळ्यावर वेदनेवांचून शस्त्र चालूं लागलें, तें तेव्हांपासून.

परंतु कोकेनचें दुसरें रूपहि लवकरच दिसलें. अमेरिकेंतील प्रख्यात शस्त्रवैद्य विल्यम हॅलस्टेड ह्यानें तें स्वतःच्या अंगावर वापरून पाहिलें, आणि तो त्याच्या व्यसनांत सांपडला. साहजिकच रसायनज्ञ निराळ्या औषधाच्या शोधाला लागले. १९३० नंतरच्या दशकांत स्वीडनमधील होल्गर एर्टमन ह्यानें प्रयोगशाळेंत बनलेलें एक द्रव्य चाखून पाहिलें, आणि पुन्हां तीच गोष्ट : जीभ बधिर ! त्या धाग्यावरून पुढें निल्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनीं १९४३ मध्यें लिग्नोकेन तयार केलें, व १९४८ मध्यें तें बाजारांत आलें. आज फडताळांत आहे तें हेंच.

त्याचें कार्य कसें चालतें हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे, कारण धोक्याची जागा तेथेंच आहे. मज्जातंतूंतून वेदनेचा निरोप जातो तो विजेच्या लहरीच्या रूपानें. आणि ती लहर पुढें सरकते, ती तंतूच्या भिंतींतील सूक्ष्म दारांतून सोडियमचे कण आंत शिरल्यामुळें. लिग्नोकेन हीं दारें कांहीं काळ अडवून धरतें. निरोप थांबतो, जागा बधिर होते. येथवर सर्व ठीक. परंतु हीं दारें केवळ कातडीखालच्या तंतूंनाच असतात असें नाहीं. मेंदूलाहि तीं आहेत, हृदयाच्या स्नायूंनाहि आहेत. जेथें लावलें तेथेंच औषध थांबून राहत नाहीं. रक्त तें उचलतें. थोडथोडें उचललें तर यकृत त्याचा निकाल लावतें, आणि आपल्याला पत्ताहि लागत नाहीं. एकदम पुष्कळ उचललें गेलें, म्हणजे तेंच औषध मेंदूचीं व हृदयाचीं दारें अडवूं लागतें. हृदयाची लय एका विशिष्ट प्रकारें बिघडली असतां डॉक्टर हेंच लिग्नोकेन शिरेवाटें देतात. यावरून त्याचा हृदयाशीं केवढा निकट संबंध आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

मग वरून लावलेलें आंत किती जातें ? हें जागेवर अवलंबून आहे. अभंग त्वचेचा वरचा निबर थर म्हणजे गडाचा तट होय. त्यांतून शिरावयास औषधास वेळ लागतो. लिग्नोकेन व प्रिलोकेन हीं प्रत्येकीं अडीच टक्के असलेलें जें मलम सुई टोचण्यापूर्वीं लावतात, (आपल्याकडे तें प्रिलॉक्स वगैरे नांवांनीं मिळतें,) तें लावून वर डॉक्टरांनीं दिलेली पट्टी झांकून निदान एक तास थांबावें लागतें. आणि तासाभरानें बधिरता पोंचते ती सुमारें तीन मिलिमीटर खोल. हें ठाऊक नसल्यामुळें घरीं काय होतें ? पांच मिनिटें झालीं, चिमटा काढून पाहिला, दुखलें. दुसरा थर दिला. पुन्हां पांच मिनिटें, पुन्हां चिमटा, तिसरा थर. औषध कमी पडलेलें नसतें. कमी पडलेला असतो तो धीर. गळूं फोडावयाचें असेल तर हें मलम बहुधा पुरतच नाहीं, कारण पुवानें भरलेल्या, सुजलेल्या जागेंत हें औषध नीट चालत नाहीं. तेथें थरावर थर चढवून कांहीं निष्पन्न होत नाहीं.

उलट तोंडाचें आंतलें अस्तर, नाक, घसा, मूत्रमार्ग, गुदद्वार, त्याचप्रमाणें भाजलेली, खरचटलेली किंवा इसबानें सोललेली त्वचा, येथें तट नाहींच. दरवाजा सताड उघडा आहे. येथें औषधाचा गुण मिनिटांत येतो, आणि अवगुणहि तितक्याच त्वरेनें येऊं शकतो. म्हणून एकाच ट्यूबमधील तेवढेंच औषध पाठीवर लावलें तर निरुपद्रवी, आणि मुलाच्या हिरड्यांवर लावलें तर अपायकारक, असें घडतें.

आतां थोडें गणित. गृहिणी स्वयंपाकघरांत चमच्यांचा हिशेब ठेवतात, त्याहून हें अवघड नाहीं. दोन टक्क्यांच्या जेलच्या एका मिलिलिटरांत वीस मिलिग्रॅम लिग्नोकेन असतें. म्हणजे तीस मिलिलिटरांच्या एका ट्यूबमध्यें सहाशें मिलिग्रॅम झालें. निरोगी, प्रौढ माणसास बारा तासांत ह्या जेलमधून द्यावयाची कमाल मर्यादा तेवढीच आहे : सहाशें मिलिग्रॅम. ती संपूर्ण ट्यूब म्हणजे धट्ट्याकट्ट्या पुरुषाचीहि शेवटची हद्द ! लहान मुलास वजनाच्या दर किलोमागें साडेचार मिलिग्रॅम ह्याहून अधिक देऊं नये, असा नियम आहे. वर्षाच्या आंतबाहेरचें, दहा किलो वजनाचें मूल घेतलें, तर त्याची मर्यादा पंचेचाळीस मिलिग्रॅम, म्हणजे सव्वादोन मिलिलिटर जेल. चहाचा अर्धा चमचासुद्धां भरत नाहीं. आणि पांच टक्क्यांचें मलम असलें, तर एक ग्रॅमहि पुष्कळ झालें. ट्यूबवर टक्क्यांचा आंकडा छापलेला असतो, तो वाचल्यावांचून झांकण उघडूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.

मर्यादा ओलांडली गेली तर पहिली खूण कोठें दिसते ? जिभेवरच ! ज्या जिभेनें ह्या औषधाचा शोध लावून दिला, तीच आधीं इशारा देते. जेल पायाला लावलें आहे आणि ओठ व जीभ बधिर वाटूं लागली, तोंडाला धातूसारखी चव आली, कानांत गुणगुण होऊं लागली, गरगरलें, डोळ्यांपुढें अंधुक झालें, म्हणजे समजावें कीं औषध रक्तांत पोंचलें. त्यापुढें स्नायू फडफडतात, आंचके येतात, शुद्ध हरपते, आणि अखेर हृदयाची लय बिघडते. प्रौढ मनुष्य निदान तोंडानें सांगूं शकतो; तान्ह्या बाळाच्या बाबतींत पहिली दिसणारी खूण आंचका हीच असूं शकते.

भुलीचें औषध माणसाचा प्राण घेतें तें कसें, हा वाद एके काळीं ज्या राज्यांत फार गाजला, त्याच राज्यांत जांब गांव होतें. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या अमलाखालीं होता, आणि १८८८ व १८८९ ह्या सालीं हैद्राबादेंत क्लोरोफॉर्मसंबंधीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. सहावे निजाम मीर महबूब अलीखान यांनीं खर्चाचा भार उचलला. दुसऱ्या मंडळासाठीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकानें लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांस पाठविलें. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचें म्हणणें असें, कीं क्लोरोफॉर्मनें आधीं श्वास थांबतो. हृदयाला त्याचा थेट धक्का बसत नाहीं. श्वासाकडे लक्ष ठेवलें म्हणजे झालें. शेंकडों प्राण्यांवर प्रयोग करून मंडळानेंहि तोच निर्वाळा दिला. पण १९११ मध्यें लंडनच्या लेव्ही ह्या शास्त्रज्ञानें दाखवून दिलें, कीं हलक्या भुलींतसुद्धां क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकीं बिघडवून मृत्यु आणूं शकतें. लॉरीसाहेबांची श्वासावर नजर ठेवण्याची शिकवण चांगली होती. खात्री मात्र अवाजवी होती. जातां जातां सांगावयास हरकत नाहीं, कीं ह्याच हैद्राबादेंत रूपाबाई फर्दुनजी ह्या विदुषीनें क्लोरोफॉर्म देण्याचें कार्य पत्करलें. जगांतील अगदीं पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्या मुलींना हें नांव ठाऊक असावें.

लिग्नोकेन क्लोरोफॉर्मपेक्षां कितीतरी सौम्य. परंतु अवाजवी खात्रीचें फळ येथेंहि तसेंच कटु असतें. २००७ च्या आरंभीं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें एक जाहीर इशारा दिला. पायांवरील केस लेसर किरणांनीं काढून घेण्यास निघालेल्या दोन तरुण स्त्रिया, एक बावीस वर्षांची व दुसरी पंचवीस वर्षांची, वेदना होऊं नयेत म्हणून बधिर करणारें तीव्र मलम दोन्ही पायांना लावून, वरून प्लास्टिक गुंडाळून बसल्या होत्या. दोघींनाहि आंचके आले, शुद्ध गेली आणि अखेर मृत्यु आला. औषध विषारी नव्हतें. चुकलें तें सर्व बाजूंनीं एकदम चुकलें. द्रव्याचें प्रमाण जास्त, क्षेत्र अफाट, वर प्लास्टिकचें आच्छादन आणि त्यामुळें निर्माण झालेली ऊब ! आपला उघडा हात, बोटांसह, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण शंभरावा हिस्सा. दोन्ही पाय मिळून असे छत्तीस हात भरतात. आणि प्रिलॉक्सच्या जातीच्या मलमास सात ते बारा वर्षांच्या मुलांत जी कमाल जागा नेमून दिली आहे, ती आहे दोनशें चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रौढाच्या जेमतेम दीड हाताएवढी. हल्लीं आपल्या शहरांतून, जालन्यासारख्या जिल्ह्याच्या गांवींसुद्धां, लग्नाआधीं मुली (आणि मुलगेहि !) असे उपचार करून घेतात. त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं. फक्त घरून मलम थापून, प्लास्टिक गुंडाळून निघूं नये. आच्छादन घालावयाचें तर तें डॉक्टर सांगतील तेव्हां, सांगतील तेवढ्याच जागेवर व तेवढाच वेळ.

आतां बाळाच्या दांतांकडे वळूं. कारण घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांशीं आमचा खरा वाद येथेंच आहे. दांत येतांना मूल किरकिरतें, लाळ गाळतें, रात्र रात्र जागवतें. अशा वेळीं कोणी तरी फडताळांतील ट्यूब काढतो आणि हिरड्यांना बोट फिरवितो. बाळ क्षणभर गप्प होतें. लाळेबरोबर औषध घशांत उतरतें. घसा बधिर होऊन दूध गिळतांना ठसका लागतो. अर्ध्या तासानें तें पुन्हां रडतें आणि पुन्हां बोट फिरतें. अमेरिकेच्या त्याच प्रशासनानें २०१४ मध्यें, दांतदुखीसाठीं वा अन्य तोंडदुखीसाठीं लिग्नोकेनचा दाट द्रव दिला गेलेल्या, अगर चुकून प्यालेल्या, बाळांच्या गंभीर विकारांचीं बावीस प्रकरणें तपासलीं. बाळें पांच महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतचीं होतीं, आणि त्यांत मृत्युहि होते. ह्या कामीं तें औषध मुळींच वापरूं नये, असा स्पष्ट इशारा तेव्हांपासून वेष्टनावर छापण्यांत आला. बेंझोकेन नांवाचें दुसरें एक बधिर करणारें द्रव्य दांतांच्या कांहीं जेलांत असतें. त्यानें क्वचित् रक्तांतील तांबड्या द्रव्याचें रूप पालटतें, आणि तें प्राणवायु पोंचविण्यास असमर्थ होतें. मुलाचे ओठ व नखें निळसर-करडीं दिसतात, रक्त तपकिरी दिसतें, आणि कृत्रिम प्राणवायु देऊनहि रंग सुधारत नाहीं. दोन वर्षांच्या आंतील मुलांस बेंझोकेन देऊं नये, हें २०१८ मध्यें पुन्हां निक्षून सांगण्यांत आलें. प्रिलोकेननेंहि हाच विकार संभवतो.

मग करावें काय ? आजीबाईंच्या बटव्यांतील जुनाच उपाय बरा : स्वच्छ धुतलेलें बोट हलक्या हातानें हिरड्यांवर फिरवावें, अगर स्वच्छ फडकें थंड पाण्यांत भिजवून, पिळून चावावयास द्यावें. दांत आपला आपण बाहेर येतो. त्याला भूल देण्याचें कारण नाहीं.

कान टोचण्याचें प्रकरण मात्र निराळें आहे, आणि तेथें आम्ही ह्या औषधाच्या बाजूचे आहों. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत कर्णवेधाचा विधि आहे : सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत, मुलास मांडीवर घेऊन, खेळण्यांनीं त्याचें मन रमवून, पाळी ओढून धरावी आणि जेथून सूर्याचा किरण आरपार दिसतो तेथें टोचावें. ज्या शस्त्रवैद्यानें खेळण्याची आठवण ठेविली, त्याला बाळाचें रडणें क्षुल्लक वाटत नव्हतें, हें उघड आहे. आपल्याकडे कित्येक घरीं बारशाच्या दिवशींच कान टोचतात, आणि अलीकडे आयाबाया मुलांच्या डॉक्टरांना बधिर करणारें मलम विचारतात. विचारतात हें उत्तम. परंतु तीन महिन्यांच्या आंतील, पुऱ्या दिवसांच्या बाळास ह्या मलमाची मर्यादा आहे एकंदर एक ग्रॅम, दहा चौरस सेंटिमीटर जागा आणि एक तास. त्यापुढें वर्षापर्यंत (वजन पांच किलोंवर असेल तर) दोन ग्रॅम व वीस चौरस सेंटिमीटर. बाळास सल्फासारखीं कांहीं औषधें चालूं असतील तर तेंहि नाहीं. म्हणून मलम लावावें तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं. कानाच्या भोकांत तें जातां कामा नये. बाळाचे हात धरून ठेवावे, नाहीं तर तें पुसून तोंडांत घालतें. आणि वेळ होतांच स्वच्छ पुसून काढावें. सोनाराच्या दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच अंदाजानें थापूं नये. शिवाय वेदनेपेक्षां मोठा प्रश्न सुईच्या निर्जंतुकतेचा आहे. तो मलमानें सुटत नाहीं.

लसीच्या सुईसाठींहि हें मलम लावावें काय, असें पुष्कळजण विचारतात. २०१५ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें ह्या विषयावर मत दिलें. मलमानें वेदना कमी होतात हें खरें. परंतु खर्च व लागणारा वेळ पाहतां सरसकट त्याची शिफारस तिनें केली नाहीं. बाळास आईनें जवळ घेऊन टोचतांना अंगावर पाजावें, हें मात्र आवर्जून सांगितलें.

आजोबांच्या लघवीच्या नळीसंबंधीं लिहितांना आमचा सूर बदलतो, कारण येथें चूक औषध जास्त लावण्याची नसून घाई करण्याची असते. प्रोस्टेट ग्रंथि वाढून लघवी अडली, म्हणजे वृद्ध मनुष्य केवढा कासावीस होतो हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांनाच ठाऊक. पुरुषाच्या मूत्रमार्गांत साधारण दहा ते पंधरा मिलिलिटर जेल सावकाश सोडून पांच ते दहा मिनिटें थांबलें, तर नळी पुष्कळच सुखानें जाते. पुष्कळदां जेल सोडल्याबरोबर नळी सरकवितात. मग जेलचा उपयोग तेलाएवढाच होतो, भुलीचा होत नाहीं. तेव्हां मुलानें किंवा सुनेनें नम्रपणें, पण निश्चयानें म्हणावें, “डॉक्टरसाहेब, औषध लागूं द्यावें, आम्हांला घाई नाहीं.” ह्यांत संकोच कसला ? सोसणें हा म्हाताऱ्यांचा धर्मच, अशी एक समजूत आपल्या घरांतून आहे. समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकांत आध्यात्मिक तापाचा समास लिहून देहाच्या दुखण्यांची केवढी लांबलचक मोजदाद केली आहे ! ज्यानें दुखण्यांचीं नांवें इतक्या बारकाईनें मोजलीं, त्याला तीं उपेक्षणीय वाटलीं नसावींत. मात्र नळी घालण्यासाठीं उघडलेली ट्यूब एका रोग्यापुरती, एका वेळेपुरती. उरलेलें जेल निर्जंतुक राहत नाहीं. मूळव्याधीवर लिग्नोकेनचें मलम महिनोन्‌महिने रोज लावणारेहि आहेत. दुखणें लपतें, रक्त जातच राहतें, आणि त्या रक्ताचें खरें कारण शोधावयाचें राहून जातें.

दुखणें लपविण्याचा हा दोष विंचवाच्या दंशांत तर फारच घातक. मराठवाड्यांतील शेतकऱ्यास विंचू नवा नाहीं. जालना जिल्ह्यांतील देहेड ह्या गांवीं जन्मलेले आणि कोंकणांत महाडास वैद्यकी केलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिला, व १९८६ मध्यें तो ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांच्या कार्यावरून सर्वांस कळलें तें हें, कीं विंचवाचा घाव बोटावर असला तरी लढाई हृदयांत होते. घामानें चिंब झालेल्या, हातपाय गार पडलेल्या मुलाच्या बोटाला जेल चोळीत बसणें म्हणजे घर जळत असतां अंगण झाडणें होय. तीच गोष्ट डोळ्याची. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून वेल्डिंग करणाऱ्यांचे डोळे ठिणगीच्या उजेडानें रात्रीं चुरचुरतात. डॉक्टर तपासतांना बधिर करणारा थेंब घालतात आणि क्षणांत बरें वाटतें. तो थेंब घरीं नेऊन वारंवार घातला, तर बुबुळ बरें होण्याचें थांबतें, व्रण पडतो आणि दृष्टि जाऊं शकते. डॉक्टर ती बाटली देत नाहींत, तें ह्याच कारणानें. कोणाकडून मिळवूंहि नये.

डॉक्टरांकडे जातांना कांहीं गोष्टी आपण होऊन सांगाव्या, कारण त्यांनीं प्रत्येक विचारलीच असें होत नाहीं. पूर्वीं दांत काढतांना किंवा टांके घालतांना भुलीच्या इंजेक्शननें अंगावर पित्त उठलें होतें काय. हृदयाच्या ठोक्यांसाठीं गोळ्या चालूं आहेत काय. यकृताचा विकार किंवा फेफरें आहे काय. घरांत कोणास रक्तांतील जी-सिक्स-पी-डी ह्या द्रव्याची उणीव सांगितलेली आहे काय. रोगी स्त्री गरोदर आहे काय. तोंडांत किंवा घशांत हें औषध लावलें असेल तर पुढें निदान एक तास कांहीं खाऊं-पिऊं नये. मुलें बधिर ओठ व गाल चावून रक्त काढतात, म्हणून त्यांच्याजवळ बसावें. दुकानांतून आणलेलें ‘तेंच, पण जास्त जोराचें’ औषध घेऊं नये. चार टक्क्यांहून अधिक लिग्नोकेन असलेलीं कांहीं मलमें व फवारे लोक बाजारांतून परस्पर घेऊन सौंदर्योपचारांपूर्वीं लावतात, त्यांविरुद्ध २०२४ मध्येंहि अमेरिकेंत इशारा निघालेला आहे.

आणि एवढें करूनहि वर सांगितलेल्या खुणा दिसल्याच, तर प्रथम आच्छादन काढावें, औषध पुसून टाकावें व ती जागा साबणपाण्यानें धुवावी. तोंडांत असेल तर बोटाला ओलें फडकें गुंडाळून पुसून काढावें. ओकारी काढवूं नये, आणि दूध-ताक पाजूं नये, कारण आंचका आला तर तें श्वासनळींत जाईल. रोग्यास कुशीवर निजवावें, श्वासाकडे लक्ष ठेवावें, आणि १०८ ह्या क्रमांकावर दूरध्वनि करून गाडी बोलवावी. ही सेवा महाराष्ट्रांत २०१४ पासून चालूं आहे. जांबसारख्या गांवाहून जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत पोंचण्यास वेळ लागतो, म्हणून आंचक्याची वाट न पाहतां जीभ बधिर झाली असें रोगी म्हणतांच निघावें. रुग्णालयांत आंचके थांबविण्याचें औषध, प्राणवायु, रक्तांतील लिग्नोकेन शोषून घेणारा चरबीचा पांढरा द्रव, आणि निळसरपणावर मेथिलीन ब्ल्यू, असे उपाय असतात. परंतु काय लावलें, किती लावलें व केव्हां लावलें हें डॉक्टरांना कळलें तरच ते योग्य तो उपाय ताबडतोब योजूं शकतात. म्हणून ती अर्धीमुर्धी ट्यूब फेकून न देतां बरोबर न्यावी.